बानूबाईची गुळतुला

आबाजी कोळेकराच्या बायकोचं वजन साऱ्या वस्तीला तोंडपाठ होतं. किलोत नव्हे, गुळाच्या ढेपेत.

भवानीनगरच्या कारखान्याकडून कालव्याच्या कडंनं खाली आलं की माळावर बिरोबाचं ठाणं लागतं. तिथल्या लिंबाच्या आडव्या फांदीला चैत्रातल्या जत्रंत गुऱ्हाळाचा मोठा तराजू टांगायचा, एका पारड्यात बानूबाईला बसवायचं, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा चढवायच्या, आणि काटा बराबर झाला की तो गूळ फोडून जत्रंला वाटायचा, असा आबाजीचा नवस. पहिल्या साली दीड ढेपेतच काटा बराबर झाला होता. मग दोन झाल्या, सव्वादोन झाल्या, अडीच झाल्या. दरसाली ढेप चढायची आणि आबाजीची मान तिच्यासंगं वर चढायची. तराजूची दोरी धरायला त्याचा चुलतभाऊ झुंबर असायचा. त्याच्या जिभेला हाड नव्हतं.

"आबा, फुडल्या साली फांदी बदलाया लागंल," तो म्हणायचा.

"लिंबाला दुसरी फुटंल. तू ढेप चढव," आबाजी म्हणायचा आणि मिशीतल्या मिशीत हसायचा.

बानूबाई पारड्यात पदर सावरून बसलेली असायची. तिला कोणी काही विचारायचं नाही. नवस तिच्या नावचा होता, पण तो बोलला होता आबाजी.

तो बोलला त्याला कारण तसंच होतं. तेव्हा ह्या लोकांकडं ऊस नव्हता, मेंढरं होती. दिवाळी सरली की कोळेकरांच्या मेंढरांची खांडं घाट उतरून कोकणाकडं जायची. अशाच एका साली बानूबाई पोटुशी होती. घाटाच्या पायथ्याला ती अवघडली, पोर मेलेलं निघालं, आणि बाईच्या अंगावरून रक्त जायचं थांबंना. दुसऱ्या दिवशी खांड हलवायचं होतं. शेतमालकानं रान सोडायला सांगितलं होतं, संगतीची बाकीची बिऱ्हाडं थांबायला तयार नव्हती. आबाजी तरणा होता, भाऊबंदांच्या पुढं बायकोपायी मागं राहायची त्याला लाज वाटली. त्यानं तिला उठवलं आणि चालवलं. दुपारपर्यंत ती चालली आणि मग ओढ्याच्या वाळूत पडली ती पडलीच. तेव्हा त्यानं भंडाऱ्याची पिशवी सोडून चिमूट तिच्या कपाळाला लावली आणि बिरोबाला म्हणाला, ही जगली तर हिच्या भाराइतका गूळ तुझ्या दारात वाटीन, आणि हिला पुन्हा चालवायचा न्हाय.

बाई जगली. पुढं मल्हार झाला. कालव्याचं पाणी रानात आलं, ऊस उभा राहिला, मेंढरं विकली. आबाजीनं नवसाचे दोन्ही तुकडे पाळले. गूळ तर वाटलाच, पण बायकोला चालूसुद्धा दिलं नाही. घरापासून रानात हाकेच्या अंतरावर जायचं तरी लूना काढायचा. पाणी नळाचं, दळण गिरणीचं, खुरपायला बाया. सकाळी पेलाभर म्हशीचं दूध, त्यात तुपाचा चमचा. शेंगदाण्याचा लाडू, थुली, रविवारी मटण, त्यातली नळी तिच्या ताटात. ती पुरं म्हणाली की हा म्हणायचा, "खा. पुन्हा तुजी हाडं मला दिसली न्हाय पायजेत."

धनगराची नजर होती त्याची. बाजारात मेंढ्याच्या पाठीवर पंजा दाबून तो पोसला की नाही ते बघायचं, कापल्यावर गुर्दा पांढऱ्या चरबीत बुडालेला दिसला की मालकाची तारीफ करायची. चरबी म्हणजे मालकाची माया, असं त्याला लहानपणापासून ठाऊक. घरातही त्यानं तेच माप लावलं. बानूबाईला दोन पायऱ्या चढल्या की धाप लागायची, गुडघे कुरकुरायचे. बाया म्हणायच्या, सुखाचं अंग हाय. आबाजीला ते ऐकून गोड वाटायचं. ओढ्याच्या वाळूतली बाई आठवली की तो आणखी एक लाडू पुढं करायचा.

पंच्याण्णव सालचा चैत्र तोंडावर आला होता. जत्रा पंधरवड्यावर होती. गूळ आणून ठेवला होता, डाळजला बानूबाईच्या माहेरी सांगावा गेला होता. सकाळी आबाजी गोठ्यात म्हशीची धार काढत होता. बानूबाई येऊन खांबाला टेकून उभी राहिली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आवं, अंगावर जातंया. बंद हून इतकी वरसं झाली, आन् आता पुन्हा."

आबाजीला आधी हसू आलं. "म्हातारपणी तरणी झालीस व्हय? तुपाचा गुण हाय."

ती हसली नाही. "देवाफुडं कशी बसू मी?"

तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला. अंगावर जाणाऱ्या बाईनं देवाच्या आवारात पाऊल टाकायचं नाही, तिथं पारड्यात बसणं लांबच. गूळ आला होता. पाहुणे यायचे होते. औंदा तीन ढेपा भरणार, असं झुंबरापुढं तो पैजेवर बोलून बसला होता. धारेची कासंडी तशीच मांडीत धरून तो म्हणाला, "जत्रा हुईस्तवर कुणाला बोलू नगंस. नवस देवाचाच हाय, त्यो समजून घील. मंग बघू काय ते."

बानूबाई पदर सावरत घरात गेली.

जत्रंत तीन ढेपा चढल्या आणि वर एक मोठं ढेकूळ लागलं. हलगी कडाडली, भंडारा उधळला. झुंबरानं हार मानून आबाजीच्या पायाला हात लावला. लोक म्हणाले, बायकोला पोसावं तर आबानं.

जत्रा झाली आणि मग बघायचं राहून गेलं. चार दिवस रक्त थांबलं, तेव्हा आबाजी म्हणाला, गेलं. पुन्हा सुरू झालं, तेव्हा म्हणाला, उष्णता असंल. सबजा भिजवून दिला, गुलकंद आणला, दूध वाढवलं. तिला म्हणाला, तू नुसती पडून ऱ्हा. पावसाळा गेला. उसाच्या तोडीची गडबड आली. बानूबाई गप्प होती, कारण एकदा सांगून झालं होतं. खरं म्हणजे आबाजीलाही कधी कधी आतून टोचायचं, पण टोचलं की तो तिच्या ताटात आणखी काही वाढायचा आणि टोचणं बसायचं.

फोड फोडला तो सुनंनं. मल्हार कारखान्यात कामाला होता, त्याची बायको रतन. दिवाळीच्या सुमारास कालव्याच्या पाटावर धुणं धुताना तिनं सासूच्या चिंध्या पाहिल्या आणि सासूला विचारलं. दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता तिला यष्टीत घातलं आणि बारामतीला बायांच्या डॉक्टरीणबाईकडं नेलं. संध्याकाळी दोघी परत आल्या तेव्हा आबाजी अंगणात फेऱ्या मारत होता. न विचारता नेल्याचा त्याला राग आला होता. रतननं राग ऐकून घेतला आणि म्हणाली, "मामा, तुमाला बलीवलंय बाईंनी. उद्याच चला."

डॉक्टरीणबाई मध्यम वयाची, बोलायला साधी. आदल्या दिवशी बानूबाईनं नीट सांगितलं नव्हतं, म्हणून टेबलापलीकडून तिनं पुन्हा विचारलं, "किती दिवसांपासून जातंय?"

बानूबाईनं आबाजीकडं पाहिलं. खोलीत पंखा फिरत होता. आबाजीच्या तोंडात जे पहिलं आलं ते त्यानं बोलून टाकलं.

"म्हैनाभर झाला आसंल."

बानूबाईनं मान खाली घातली. डॉक्टरीणबाईनं लिहून घेतलं. गर्भाची पिशवी आतून खरवडून निघालेला तुकडा तपासायला पाठवला.

निकाल आला. पिशवीच्या अस्तराला कॅन्सर. पुण्याला न्या, तिथं पिशवी काढतील. बानूबाईनं शब्द ऐकला आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. आबाजीनं तो शब्द कारखान्याच्या वस्तीत ऐकला होता, तो तंबाखू खाणाऱ्यांच्या तोंडाचा. त्याची बायको तंबाखूच्या वाऱ्याला उभी राहिली नव्हती. मग हे कुठून आलं, तेच त्याला कळंना.

निकाल घ्यायला मल्हारही संगं आला होता; सगळे बारामतीच्या यष्टीच्या स्टँडवर आले. मल्हार तिकिटाच्या गडबडीत होता. आबाजी पाणी पिऊन येतो म्हणाला आणि तसाच उलटा दवाखान्यात गेला. बाकड्यावरच्या बाया ओलांडून आत शिरला. डॉक्टरीणबाईनं वर पाहिलं.

"बाई, म्हैना न्हवं. चैताच्या आदीपासनं हाय. मला ठावं व्हतं."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं कागद ओढला, आधीचं खोडलं, नवं लिहिलं आणि म्हणाली, "मग पुण्याला ह्याच आठवड्यात जा."

आबाजी उभाच राहिला. "बाई, एक इचारू का? म्या तिला लई खाऊ घातलं. बसून ठिवलं. त्यानं झालं का?"

तिनं पेन खाली ठेवलं. मग लेकराला सांगावं तसं सांगू लागली. चरबी ही कणगीतल्या धान्यासारखी नुसती पडून राहत नाही, आबा, तीही काम करत असते. पाळी चालू असते तोवर बाईच्या अंगात एक रस पिशवीच्या अस्तराला वाढ म्हणतो आणि दुसरा रस थांब म्हणतो. पाळी गेली की थांब म्हणणारा बंद होतो. वाढ म्हणणाराही बहुतेक बंद व्हायला हवा. पण चरबी तो बनवतच राहते. चरबी जितकी जास्त, तितका तो जास्त. पोटातल्या अवयवांभोवती साठलेली चरबी तर आणखी खोड्या करते, साखर वाढवते, सूज धरून ठेवते. अस्तराला विसावा मिळत नाही. वाढता वाढता एखाद्या जागी ते बिघडतं.

आबाजीला रसाचं सगळं कळलं नाही, पण विसावा न मिळाल्याचं कळलं. त्याचा कालव्याखालचा एक तुकडा असाच गेला होता. पाणी मिळतंय म्हणून त्यानं उसाला पाणी देत देत रान जरा सुकून वाफशावर येऊच दिलं नव्हतं. आता त्या तुकड्यावर पांढरं मीठ फुललं होतं आणि कुसळसुद्धा उगवत नव्हतं. लोक त्याला चोपण म्हणत.

"म्हंजी म्याच केलं," तो म्हणाला.

"असं कुणी बोट ठेवून सांगू शकत नाही," ती म्हणाली. "जाड बायांत हा जास्त दिसतो, एवढं खरं. पण सगळ्या जाड बायांना होत नाही, आणि वाळलेल्या बाईलाही होतो. उसाच्या गाडीचा बैल भारानं खाली बसला तर उसाच्या कुठल्या मोळीनं बसला, ते सांगता येतं का? खाण्याचं मी सांगू शकत नाही. उशिराचं सांगू शकते. पाळी गेल्यावर एक डाग जरी दिसला तरी लगेच दाखवायचं असतं. हे घरी गेल्यावर वस्तीतल्या बायांना सांगा."

खाण्याच्या दोषाला बैलगाडीचा आडोसा होता. उशिराच्या दोषाला कशाचाच नव्हता. तो पाणी न पिताच स्टँडवर आला.

पुण्यात पिशवी काढली. बाहेर आल्यावर तिथल्या डॉक्टरनं मल्हारला सांगितलं की पोटात चरबी फार होती, आतड्यावरचा पडदा गादीसारखा जाड झालेला, पिशवीपर्यंत हात पोचवायला वेळ लागला. आजार पिशवीच्या जाडीत खोल गेला होता पण बाहेर पसरलेला दिसला नाही, म्हणून नंतर विजेचे शेक द्यायचे. मल्हारनं ते बापाला सांगितलं. आबाजीला एकदम पांढऱ्या चरबीत बुडालेला गुर्दा दिसला आणि आजवर केलेली तारीफ घशाशी आली. त्यानंतर मटण त्याच्या गळ्याखाली उतरलं नाही. पोटाच्या जाड थरामुळं टाके लवकर भरेनात, जखमेतून पाणी यायचं. रतन ती पुसायची. आबाजी दारात उभा राहायचा, आत यायचा नाही.

पुढच्या चैत्रात गुळतुला झाली नाही. बानूबाई शेकानं थकलेली, अंथरुणावर. आबाजीनं गूळ वाटला, पण तराजू टांगला नाही.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. अंग हलकं झालं तर पुढं बरं जाईल म्हणाले, भरोसा दिला नाही. पण बानूबाई चालायला तयार होईना. रतननं समजावलं, मल्हारनं समजावलं. ती म्हणाली, "बिनकामाची रस्त्यानं चालाया मी काय वाट चुकली हाय? मागं दोन मेंढरं आसती तर येगळं." आबाजीनं ते ऐकलं आणि डाळजला मेव्हण्याकडून पाच-सहा मेंढ्या आणल्या. पुन्हा चालवायचा न्हाय, असं ज्या देवाला म्हणाला होता त्याच्याच माळावरनं ती आता काठी घेऊन रोज चालू लागली. आबाजी मागनं यायचा, जवळ जायचा नाही. वस्तीत बोलणं झालं. ऊसवाला असून आजारी बायकोला मेंढरामागं लावली, असं झुंबर पारावर म्हणाला. आबाजीला ते बोलणं हवंसंच वाटत होतं. खऱ्या गुन्ह्याची शिक्षा कोणी देत नव्हतं, मग खोट्याची तर खोट्याची.

वर्षभरात बानूबाई उतरली. धाप गेली. आबाजी तिच्याहून जास्त उतरला. ताट पुढं आलं की म्हणायचा, आताच खाल्लं, आणि उठायचा.

सत्त्याण्णवच्या चैत्रात मात्र भाऊबंदांनी ऐकलं नाही. नवस आहे, वहिनी जगली आहे, गुळतुला झालीच पाहिजे. लिंबाला तराजू चढला. आबाजी सकाळपासून तराजूजवळ फिरकला नव्हता. ढेपा कमी भरल्या तर लोक हसतील, ही भीती नव्हती. ती भीती मागंच मेली होती. तिनं पुन्हा त्या पारड्यात बसायचं आणि आपण पुन्हा ढेपा बघायच्या, हे त्याला सोसणार नव्हतं. पण देवाच्या दारात नाही म्हणायला तोंड कुठलं?

"बसा वयनी," झुंबर म्हणाला.

बानूबाई पारड्याजवळ आली. हलणारी साखळी धरून तिनं पारडं थांबवलं आणि म्हणाली, "औंदा ह्यास्नी बसवा."

"आवं, नवस तुमचा हाय."

"नवस माज्या जिवाचा व्हता. त्यो बिरोबानं राखला, माजं फिटलं. पोट माजं फाडलं आन् वाळलं हे. ह्यांचा भार बघा काय उरलाय त्यो."

लोकांत हशा पिकला. म्हातारी माणसंही हसली. आबाजी नको म्हणाला, पण चार हातांनी त्याला उचलून पारड्यात ठेवला.

झुंबरानं दोरी ओढली आणि पायाखालची जमीन सुटली. साखळ्या दंडाला काचल्या. पाय कुठं टेकवावेत कळंना. पारडं गिरकी घेऊ लागलं तसं त्यानं हातानं कडा धरल्या. सगळी जत्रा त्याच्याकडं बघत होती आणि कोणीच त्याच्या तोंडाकडं बघत नव्हतं. नजरा वरच्या काट्यावर होत्या, ढेपेवर होत्या. बाजारात मेंढा उचलून धरतात तसं. इतकी सालं तो खाली उभा होता, वर बसलेल्याला हे असं असतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. दीड ढेपेतच काटा बराबर झाला.

"आबा, तुमचा गूळ तर पारडंबी भरंना," झुंबर म्हणाला, आणि पुन्हा हशा झाला.

गूळ वाटून झाला. दिवस बुडायच्या आत बानूबाईनं मेंढ्या सोडल्या आणि दोघं माळावरनं घराकडं निघाली. ती पुढं, तो मागं. निम्म्या वाटंवर त्यानं पावलं उचलली आणि प्रथमच तिच्या बरोबरीनं आला. प्रसादाचा खडा त्याच्या मुठीत तसाच होता.

"त्या साली," तो म्हणाला, "बसली व्हतीस तवा कसं वाटलं व्हतं गं तुला?"

बानूबाईनं चालणं थांबवलं नाही. मागं राहिलेल्या मेंढीला काठी दाखवली.

"कळ येत व्हती. पारड्यात डाग पडंल म्हणून मांड्या आवळून बसले व्हते. खाली उतरवा म्हणावं म्हणून तुमच्याकडं बघत व्हते."

"मंग?"

"तुमी ढेपा मोजत व्हता."

एवढं बोलून ती पुढं गेली. आवाजात राग नव्हता, आणि तिनं ते पुन्हा कधी काढलंही नाही. आबाजी मागं पडला. मुठीतला खडा घामानं चिकट झाला होता. तो तोंडात टाकवेना, आणि देवाचा म्हणून फेकताही येईना.

पुढून तिची हाक आली, मेंढरं कुणाच्या तरी उसात शिरत होती. तो तसाच मूठ झाकून धावला.